नितळ रक्ताची नळी

"दादा, तुमचं स्वतःचं रक्त नळीत कसं दिसतं हो?"

हा प्रश्न माझा नव्हता. चष्मिस आणि लवंगी या माझ्या मैत्रिणींनी घातलेली ती पैज होती. "वर्गात एवढी टुरटुर करतेस ना? मग विचार नितळदादांना, सगळ्यांदेखत!" मी ताडकन उठले, विचारून मोकळी झाले, आणि मग कळलं की अख्खं सभागृह चिडीचूप झालंय.

"खाली बस, आगाऊ कुठली!" बाबांनी माझी बाही ओढली.

लोकांचं रक्त म्हणे नितळ करून देणारे नितळदादा व्यासपीठावरून गोड हसले. सकाळपासून त्यांची टकळी चालू होती. "नसा म्हणजे तुमच्या घराची मोरी! ती तुंबलीय चरबीनं! आणि डॉक्टर काय करतात? वरून गोळ्या टाकतात! अहो, तुंबलेल्या मोरीत कुणी गोळ्या टाकतं का?" लोक हसत होते, टाळ्या पिटत होते. खाली एक मोठी पेटी ठेवली होती. तिच्यात लोक आपापल्या गोळ्या फेकत होते.

मागच्या आठवड्यात बाबांनीही आपल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या फेकल्या होत्या.

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावतात आणि जे दिसेल त्यावरच विश्वास ठेवतात. दादांनी त्यांचं रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं. लाल भाग खाली बसला आणि वर दुधासारखा पांढराफटक थर आला. "ही तुमची चरबी!" मग छातीवर तांब्याची पट्टी ठेवून दादांनी डोळे मिटून काहीतरी गुणगुणलं आणि सांगितलं, "उद्या सकाळी या. उपाशी या, देह मोकळा हवा." दुसऱ्या दिवशी वरचा थर मधासारखा नितळ! बाबा घरी आले ते तरंगतच.

आणि मी तेव्हापासून नीट झोपले नव्हते. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, एक बूट पायात आणि एक हातात असताना खुर्चीतच गेले. हृदयविकार. ते ज्या वयात गेले, ते वय बाबांना येत्या वाढदिवशी लागणार आहे.

"माझं रक्त बघण्याआधी," दादा म्हणाले, "तुझंच बघू या की, बाळ. ये वर."

आता आली का पंचाईत! चष्मिसनं जमिनीकडे पाहिलं, लवंगीनं छताकडे. मी वर गेले. पांढऱ्या कोटातल्या मदतनीस बाईंनी सुई टोचली, यंत्र घुं घुं करत थांबलं, आणि दादांनी नळी उंच धरली.

पांढरी! दुधासारखी!

"एवढ्याशा पोरीची ही गत!" कुणीतरी किंचाळलं. पैज, टुरटुर, सगळं विसरले मी. मला फक्त तो बूट दिसत होता. "उद्या उपाशी ये. घाबरू नकोस," दादा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मी त्यांचे पायसुद्धा धरले असते.

त्याऐवजी मी धावत सुटले ती थेट आत्याच्या प्रयोगशाळेत. बाबा धापा टाकत मागून आले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. रक्तातलं कोलेस्टेरॉल कुठून येतं, कुठे जातं, हे शोधण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. माझं रडगाणं तिनं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "सभागृहात शिरताना काही दिलं होतं का?"

"पेला. पहिल्यांदा रक्त देणाऱ्या सगळ्यांनाच देतात, रिकाम्या पोटी रक्त दिलं की चक्कर येते म्हणून. दाट, गोड, मलईचा. मी दोन प्यायले."

"दोन? हावरट!" आत्या हसली. पण बाबांकडे वळली तेव्हा ते हसू गेलं होतं. "धाकट्या, गोळ्या बंद केल्यास ना?"

"ताई, तू उंदरांच्या रक्तात डोकं घालून म्हातारी झालीस. मी स्वतःच्या डोळ्यांनी नळी पाहिलीय."

"मग उद्या इथे पाहा. उपाशी ये."

"येतो की! नितळच निघेल."

निघालीच. सकाळी आत्यानं बाबांचं रक्त फिरवलं, तर वर सोनेरी, स्वच्छ थर. "बघ!" बाबांनी छाती पुढे काढली.

"बघितलं. आता हे पी." आत्यानं मलईचा भलामोठा पेला पुढे केला. मग आम्ही दुपारपर्यंत नुसते बसलो. दुसरी नळी यंत्रातून निघाली ती पांढरीफटक.

बाबांनी खिशातून भिंग काढलं. दोन्ही नळ्या उजेडात धरल्या.

"खाल्लेली चरबी काही तास रक्तात तरंगते," आत्या म्हणाली, "मग शरीर ती उचलून नेतं. कुणाचंही रक्त असंच वागतं, तुझ्या दादाचंही. पाजून पांढरं करायचं, उपाशी ठेवून नितळ करायचं. तांब्याची पट्टी मधल्या वेळात करमणुकीला."

"म्हणजे मला काही झालं नाही?" मी उडीच मारली.

आत्या उठली. बाबांची सकाळची नितळ नळी तिनं दुसऱ्या यंत्रात ठेवली. पडद्यावर आकडा उमटला आणि तिचा चेहरा उतरला. "गोळ्या चालू असतानाच्या जवळजवळ दुप्पट. धाकट्या, ज्या कोलेस्टेरॉलनं आपले वडील नेले, ते इतकं बारीक असतं की नळीत दिसतच नाही. ते रक्तातून आत घ्यायची दारं आपल्या पेशींवर जन्मापासून कमी आहेत. तुझ्याही, माझ्याही. ते गेले तेव्हा मी हिच्याएवढी होते. तेव्हापासून मी तीच दारं शोधतेय. तुला गोळीनं पोटऱ्या दुखतात तर डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील. पण पेटीत टाकू नकोस रे."

बाबांनी भिंग खिशात परत ठेवलं. बाबांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या सभेला आम्ही चौघं दारातच उभे राहिलो, बाबा, चष्मिस, लवंगी आणि मी. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, "पेला न पिता रक्त द्या, मग बघा." निम्म्यांनी आम्हाला हाकललं. निम्मे थबकले. दादांनी त्या दिवशी यंत्र बिघडल्याचं जाहीर केलं. तुम्हालाही कुणी चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी एवढं विचारा: आधी काय पाजलं, नंतर कशापासून दूर ठेवलं, आणि मोजलं कशानं? डोळ्यांना दिसलं एवढ्यावर भागत नाही. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय फेकू नका.

त्या संध्याकाळी बाबांनी जेवणानंतर गोळी घेतली. आई ती घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी होती. मी ताटातला घास तसाच ठेवला. आत्याला मी एकटीनं गाठून विचारलं होतं. वडिलांच्या पेशींवर ही दारं कमी असली, की मुलीतही तसंच येण्याची शक्यता निम्मी. आईनं माझं रक्त तपासायचा विषय निघाला की दरवेळी म्हटलंय, "ती अजून लहान आहे," आणि बाबांनी दरवेळी मान डोलावलीय.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "उद्या सकाळी मी काही न खाता आत्याबरोबर डॉक्टरांकडे जाणार. तुम्ही दोघं सोबत या. पण माझी नळी नितळ दिसली म्हणून मला घरी आणू नका. मोजल्याशिवाय मी तिथून हलणार नाही."