बावन्न टाके

पहाटे सहापासून दुपारी दोनपर्यंत उभं राहायचं आणि चादरी दाबायच्या, हे इस्त्रीवालीचं सत्तावीस वर्षांचं काम. धुलाईच्या कारखान्यात हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरींचे ढीग यायचे आणि ती वाफेच्या इस्त्रीखाली एकेक सरकवत राहायची. घरी पोचेपर्यंत पाय पावासारखे फुगलेले असायचे. नवरा गेल्यावर एकुलत्या मुलीला तिने याच पायांवर वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. आता जरा टेकू म्हणेपर्यंत मुलगी सातव्या महिन्यातच बाळंत झाली.

नात झाली, सव्वा किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, नाकात नळी, छातीवर तारा. मुलगी वरच्या मजल्यावर तापाने पडलेली, जावई तिच्यापाशी. तेव्हा पेटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायला उरल्या दोघी आज्या, आणि त्या दोघींमध्ये गेली दोन वर्षं विस्तव जात नव्हता.

कारण तसं एवढंसंच. लग्नानंतर पंधरा दिवसांनी विहीणबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, मुलीला साधं बटण लावता येत नाही, आईने शिकवलं तरी काय. त्यावर इस्त्रीवालीने तिथल्या तिथे ऐकवलं होतं, मी मुलगी दिली, शिंपी नाही दिला. लोक हसले. विहीणबाई शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून दोघींमध्ये फक्त निरोप चालायचे, तेही मुलीच्या तोंडून.

तिसऱ्या दिवशी खोलीतली सिस्टर बाहेर आली. बाळाच्या डोक्यातून ऊब निघून जाते, म्हणाली, मऊ लोकरीच्या टोप्या हव्यात, विकतच्या सगळ्या मोठ्या होतात. घरात विणणारं कुणी आहे का?

इस्त्रीवालीने विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मला येतं," त्या म्हणाल्या. "पण दिसत नाही. साखरेने एक डोळा नेला, दुसऱ्याला नुसता उजेड कळतो." मग मान न वळवता, "हात तुमचे घ्यावे लागतील."

इस्त्रीवालीला नाही म्हणायचं होतं. आठ तास उभं राहून आल्यावर नवीन काही शिकायला माणसाच्या अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं, तिच्या अंगात काही नव्हतं. पण सिस्टर समोर उभी होती. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी सुया आणल्या आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा. पिवळाच का, तर त्यांच्या डोळ्याला तेवढाच रंग जरासा जाणवायचा. पहिला अर्धा तास टाके घालण्यातच गेला. बोटावर फास घ्यायचा, सुईवर चढवायचा, ओढायचा. असे बावन्न. इस्त्रीवालीने ते असे आवळले की दुसरी सुई आत शिरेना.

विहीणबाईंनी सुईवरून बोट फिरवलं. "गाठोडं नाही बांधायचं. टाक्याला श्वास घेऊ द्या."

सगळं काढून पुन्हा. मग सुलटा टाका. विहीणबाईंनी तो शाळेतल्या मुलींना शिकवायच्या तसाच शिकवला: आत जा, वळसा घे, बाहेर ये, सोडून दे. ऐकायला सोपं. पण इस्त्रीवालीची बोटं वाफेने आणि चटक्यांनी खरखरीत झालेली, मऊ लोकर त्यांच्यावर कुसळासारखी अडकायची. विहीणबाईंनी तिचा हात हातात घेतला, अंगठ्याने पेरं चाचपली आणि पिशवीतून तेलाची बाटली काढली. त्या दिवसापासून आधी बोटांना तेल, मग रुमालाने पुसणं, मग सुया, असा क्रम ठरून गेला.

चार ओळी झाल्या तेव्हा टाके मोजले. सत्तावन्न.

"मी घातले नाहीत," इस्त्रीवाली म्हणाली.

"टाक्यांना आपोआप पिल्लं होत नाहीत," विहीणबाई म्हणाल्या. ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे पडते, मग एका टाक्याचे दोन दिसतात आणि शिकाऊ माणूस दोन्ही विणून मोकळा होतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. हे त्यांना बोटांनीच कळलं होतं. इस्त्रीवालीला डोळे असून दिसलं नव्हतं.

आठवडाभर असं चाललं. दोन वाजता पाळी सुटली की बस, अडीचला बाक, सात वाजता घर. पेटीजवळ एकीलाच सोडायचे, म्हणून एक आत जायची आणि दुसरी बाहेर थांबायची. आतून आलेली सांगायची, आज मूठ उघडली होती, आज दहा ग्रॅम वाढलं. बाकी बोलणं लोकरीपुरतं. एके दुपारी ओळीच्या मधोमध इस्त्रीवालीची मान कधी कलली, तिला समजलंच नाही. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. तिचं डोकं विहीणबाईंच्या खांद्यावर होतं आणि दोन्ही सुया विहीणबाईंनी आपल्या हातांत उभ्या धरल्या होत्या, जराही न हलवता.

"किती वेळ झाला?"

"तास झाला असेल."

"उठवायचं नाही का मला?"

"सुयांवर टाके होते," विहीणबाई म्हणाल्या, जणू त्यांनी फक्त टाकेच सांभाळले होते. मग सुया परत दिल्या आणि आखडलेली मनगटं कितीतरी वेळ चोळत बसल्या.

पहिली टोपी विणायला घेतल्यापासून नवव्या दिवशी पुरी झाली. वर निमुळती करायला दोन-दोन टाके एकत्र विणायचे, उरलेल्यांतून धागा ओवून आवळायचा, बाजूने शिवायचं. टोपी झाली खरी, पण श्वास घेऊ द्या, घेऊ द्या म्हणता टाके इतके सैल पडले होते की ती इस्त्रीवालीच्या मुठीवरून सहज घसरली. सिस्टर म्हणाली, छान आहे, पाचव्या महिन्यात बसेल.

विहीणबाईंनी सुचवलं, गरम पाण्यात घालू, आटेल. या वेळी मात्र इस्त्रीवालीने मान हलवली. लोकर आटते, पण आटली की पुठ्ठ्यासारखी घट्ट होते, ती डोक्याला टोचेल. "कपड्याचं मला सांगू नका. ते माझं काम आहे."

विहीणबाईंनी टोपी चाचपली. मग म्हणाल्या, "मग उसवा."

नऊ दिवसांचं काम उसवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. विहीणबाई गुंडाळत होत्या, इस्त्रीवाली ओढत होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडायलाही जोर लागतो.

त्यानंतर दोन दिवसांनी बाळाचा श्वास मध्येच थांबायला लागला. इस्त्रीवाली पोचली तेव्हा खोलीचं दार बंद होतं, आत पडदा ओढलेला, डॉक्टरांची धावपळ चाललेली. विहीणबाई बाकाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांना काही दिसत नव्हतं म्हणून आवाजच तेवढे कळत होते, आणि प्रत्येक आवाजाला त्या दचकत होत्या. इस्त्रीवालीने सुया काढल्या, एक टाका विणला आणि खाली ठेवल्या. कुणी म्हणेल अशा वेळी हाताला काम असलेलं बरं. तिच्या हाताला काम नको होतं. हाताला दुसरा हात हवा होता, म्हणून तिने विहीणबाईंचा धरला.

बऱ्याच वेळाने विहीणबाई म्हणाल्या, "तेव्हा बटणावरून मी जे बोलले..."

"आत्ता नको, विहीणबाई," इस्त्रीवाली म्हणाली. "फार दमलेय मी. माफ करायलासुद्धा."

"बरं," त्या म्हणाल्या. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही.

दोन तासांनी दार उघडलं. सिस्टरच्या कपाळावर घाम होता. श्वास सुरळीत झाला होता, श्वासाचं यंत्र लावलं होतं, रात्रभर लक्ष ठेवू म्हणाली. इस्त्रीवाली जिन्याने मुलीकडे वर गेली, तिला एवढंच सांगितलं की तुझी पोरगी चिवट आहे, आणि पायऱ्या उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरून उतरली.

दुसरी टोपी पाच दिवसांत झाली. टाके बावन्नच राहिले, फार सैल नाही, फार आवळ नाही. एका कडेला एक टाका निसटलेला होता, तो विहीणबाईंच्या बोटाला लागला. त्यांनी तिथे बोट ठेवलं, थांबल्या, आणि राहू द्या म्हणाल्या. सिस्टरने टोपी आत नेली. काचेतून इस्त्रीवालीने पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाईंना सांगितलं: कानांपर्यंत आली आहे. कपाळावर एक घडी पडली आहे. तारांच्या गर्दीत तेवढंच पिवळं दिसतंय. विहीणबाई काचेला हात टेकून ऐकत होत्या आणि पुन्हा पुन्हा विचारत होत्या, कानांवरून की कानांखालून.

ती टोपी बाळाला जेमतेम दोन आठवडे पुरली, मग डोकं मोठं झालं. त्यानंतर तीन विणल्या, प्रत्येक आधीपेक्षा थोडी कमी वेडीवाकडी. चव्वेचाळिसाव्या दिवशी बाळ घरी आलं, दोन किलोला थोडं कमी. त्या दिवशी इस्त्रीवालीने रजा घेतली होती. मुलीच्या घरी ती खुर्चीवर बसली ती बसलीच. मुलीने चहा दिला, तो निवून गेला.

विहीणबाई चाचपडत आल्या आणि शेजारी बसल्या. म्हणाल्या, आता थंडी येईल, पोरीला स्वेटर लागेल, त्याला उलटा टाका शिकावा लागतो. लोकर पुढून घ्यायची, एवढाच फरक.

इस्त्रीवालीने डोळे न उघडताच विचारलं, "आजच?"

"आज नको. रविवारी या. अकरापर्यंत झोपा, मग या."

"बारापर्यंत," इस्त्रीवाली म्हणाली.

"बरं, बारा," म्हणत विहीणबाईंनी बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं, आणि बोटांनी चाचपून त्याची टोपी कानांखाली ओढली.