चाळण रिकामी, घर रिकामं

मी एक जुनी चाळण आहे. रोपवाटिकेच्या छपराखाली एका खिळ्याला लटकलेली असते. सुईला नावं ठेवणारी चाळण तुम्ही म्हणीत ऐकली असेल. ती मी नव्हे. कुणाला नावं ठेवण्याइतकं तोंड मला उरलेलं नाही. मित्रांनो, माझी हकिगत मी अगदी सपाट आवाजात सांगणार आहे. त्याबद्दल रागावू नका. आवाजात चढउतार आणायचा म्हटला तरी आता येत नाही.

एका सुताराने लाकडाची पातळ पट्टी भिजवून गोल वाकवली आणि तिच्या बुडाला तारेची जाळी ठोकली. झाला माझा जन्म. पहिली काही वर्षं मी नुसती माती चाळली. माती, वाळू, शेणखत, पुन्हा माती. खडे वर राहत, बारीक ते खाली पडे. ते मिश्रण काळ्या पिशव्यांत भरलं जाई आणि पिशव्यांत रोपं वाढत. काम चांगलं होतं, पण त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं.

मग या रोपवाटिकेवर बाई आल्या. त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे बाईच म्हणत. त्यांचे यजमान जंगलखात्याच्या करवतीवर होते, म्हणून त्यांना सगळे करवतदादा म्हणत. एक झाडं लावणार आणि दुसरा झाडं कापणार, असा त्या घराचा संसार होता. "माझं सगळं आयुष्य यांनी केलेला पसारा आवरण्यात गेलं," असं बाई चारचौघांत म्हणत आणि दादा मिशीत हसत.

रोपवाटिकेमागे डोंगराचा एक उतार होता. तो पार बोडका झाला होता. तिथे पूर्वी जी मोठी झाडं होती तीच पुन्हा लावायची, असा बाईंचा ध्यास होता. पण त्या झाडांच्या बिया मोठ्या हट्टी. फळ तोडून आणलं आणि बी पेरली तर ती पिशवीतच कुजून जाई. शंभरातल्या पंधरा-वीस उगवल्या तरी नशीब. बाईंच्या नाकी नऊ आले होते.

रोपवाटिकेच्या कुंपणाला लागून एक उंच, पोकळ झाड होतं. त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेश पक्ष्यांची जोडी घर करी. त्यांची रीत न्यारी. मादी ढोलीत शिरते आणि चिखल व शीट लिंपून दार आतून बंद करते. चोचीपुरती फट तेवढी ठेवते. आत तिची उडण्याची पिसं गळतात, म्हणजे मनात आलं तरी तिला उडून जाता येत नाही. मग दोन-तीन महिने नर रानभर फिरून फळं आणतो आणि फटीतून तिला भरवतो. पिल्लू झालं की त्यालाही. खाल्लेल्या फळांच्या बिया त्या फटीतून बाहेर पडतात आणि झाडाखाली त्यांचा सडा पडतो.

एके सकाळी बाईंनी त्या सड्यातल्या बिया सहज म्हणून पेरल्या. शंभरातल्या ऐंशी उगवल्या. गर पक्ष्याच्या पोटात राहिलेला, बी स्वच्छ होऊन बाहेर आलेली. शिवाय नराने लांबलांबून आणलेल्या, म्हणून एका जागी कितीतरी जातींच्या. बाई त्या दिवशी दादांना म्हणाल्या, "अहो, मी पगार घेते आणि काम हा धनेश करतो."

तेव्हापासून मी मातीतून सुटले. बाई रोज सकाळी त्या झाडाखाली गोणपाट अंथरत, आदल्या दिवशी पडलेलं सगळं माझ्यात घेत आणि पाण्याखाली हलवत. घाण खाली जाई आणि बिया वर राहत. काळ्या, तपकिरी, काही सुपारीएवढ्या. नऊ वर्षं आम्ही हे केलं. उतारावर माणसाच्या उंचीची झाडी उभी राहिली. जंगलखात्याचे साहेब पाहुण्यांना घेऊन येत तेव्हा बाई मला पुढे करत. पाहुणे वास घेऊन मागे सरत, पण कौतुक करत.

बाईंचं गणित सोपं होतं. चाळणीत बिया आहेत, म्हणजे वर पक्षी आहेत. पिल्लू मोठं झालं की मादी दार फोडते, सगळे उडून जातात आणि बिया पडणं थांबतं. "चाळण रिकामी, घर रिकामं," असं त्या म्हणत. नऊ वर्षं हे गणित एकदाही चुकलं नाही.

दहाव्या वर्षी वाऱ्याने त्या पोकळ झाडाची एक फांदी मोडली आणि रोपांच्या वाफ्यावर आली. साहेब बघायला आले.

"बाई, हे झाड काढायला हवं. उद्या कुणाच्या डोक्यात पडेल."

"काढू या साहेब. पण घर रिकामं झाल्याशिवाय नाही."

"आणि ते कोण ठरवणार?"

"ही ठरवेल," असं म्हणून बाईंनी माझ्या चौकटीवर टिचकी मारली.

साहेब हसले. मला अभिमान वाटला. आज तो अभिमान आठवतो तेव्हा काहीच वाटत नाही, पण तेव्हा वाटला होता, हे सांगायलाच हवं.

त्या वर्षी बिया लवकर थांबल्या. एका सकाळी माझ्यात चारच बिया आल्या, दुसऱ्या दिवशी एक. मग काहीच नाही. बाईंनी आठ दिवस वाट बघितली. रोज गोणपाट झटकलं, रोज मला हलवलं. दरवर्षीपेक्षा पंधरा-वीस दिवस आधीच हे झालं होतं. "ऊन लवकर तापलं, तेही लवकर गेले असतील," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. इतक्या उंचावरचं दार त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि कधी बघायची वेळही आली नव्हती. मी होते ना.

नवव्या दिवशी दादा करवत घेऊन आले.

"नक्की ना गं?"

"आठ दिवस एक बी नाही. तोडा."

झाड तासाभरात आडवं झालं. दादा फांद्या छाटत ढोलीपाशी आले आणि थांबले.

"अगं, इकडे ये."

"काय झालं?"

"दार बंदच आहे."

बाईंनी हाताने चाचपून बघितलं. चिखलाचं लिंपण जसंच्या तसं होतं. त्यांनी खुरपं मागितलं आणि ते फोडलं. आत मादी होती. पंखांवरची नवी पिसं अर्धीच आलेली. हाडांवर नुसती कातडी. ती आधीच गेली होती की झाड पडताना गेली, हे कुणालाच सांगता आलं नाही. तिच्या पोटाखाली एक पिल्लू होतं. ते अजून गरम होतं. ठेवायला दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून बाईंनी ते माझ्यात ठेवलं. मित्रांनो, माझ्यातून माती गेली, पाणी गेलं, घाण गेली. ते पिल्लू जाळीवर थोडा वेळ हललं. मग हललं नाही.

संध्याकाळी बाईंचे धाकटे दीर शिडी परत द्यायला आले. त्यांची डोंगरापलीकडे फळबाग होती. ते उंबऱ्यावर बसून सहज बोलून गेले, "वहिनी, यंदा बागेवर जाळी टाकली ना, तर एक केवढा मोठा पक्षी अडकला! अशी लांब चोच. सकाळी बघतो तर मेलेला."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"झाले की नऊ-दहा दिवस. का हो?"

 दादांनी त्यांना ढोलीतल्या मादीचं आणि पिल्लाचं सांगितलं; जाळीत अडकला तो त्यांना भरवणारा नर होता.  दीर शिडी भिंतीला टेकवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळी उतरवली. आता ते फळांच्या घोसांना कापडी पिशव्या बांधतात. कामाचा ताप वाढला, पण ते कुरकुर करत नाहीत.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गोणपाट अंथरायला झाडच नव्हतं. बाईंनी फळं तोडून आणली, गर काढला, बिया पेरल्या. बहुतेक कुजल्या. रानातल्या मोठ्या झाडांनी आपली फळं आपल्याच पायाशी टाकली. तिथे रोपांची दाटी झाली आणि आईच्याच सावलीत ती पिवळी पडून गेली. त्यांना उचलून लांब नेणारं कुणी नव्हतं. उताराचा वरचा अर्धा भाग आजही बोडका आहे. एक पक्षी जाळीत अडकला, एवढंच झालं होतं.

मला वाईट वाटतं का, असं तुम्ही विचाराल. सुरुवातीला फार वाटलं. मी रिकामी होते, हे खरंच होतं. मी खोटं काही सांगितलं नव्हतं. पण का रिकामी होते, ते मला बोलता आलं नाही, आणि कुणी वर जाऊन बघितलं नाही. हे मी इतक्या वेळा मनात घोळवलं की ते आता गुळगुळीत झालं आहे. कुठे टोचत नाही.

मित्रांनो, पक्षी रान लावतात, पण पावती मागत नाहीत. म्हणून ते गेल्याचं आपल्याला पटकन कळत नाही. तुमच्या अंगणातलं एखादं झाड अचानक गप्प झालं, रोजची किलबिल थांबली, तर घर रिकामं झालं असं लगेच म्हणू नका. कदाचित आत कुणी उपाशी वाट बघत असेल. कुऱ्हाड आणण्याआधी मान वर करा.

बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे. कुंपणापासून थोडं आत दुसरं एक पोकळ झाड आहे. त्याच्या ढोलीला दादांनी हातही लावू दिलेला नाही. बाई रोज सकाळी तिथे गोणपाट अंथरतात आणि मला खिळ्यावरून काढतात. तीन वर्षं झाली, माझ्यात वाळक्या पानांशिवाय काही पडलेलं नाही. पूर्वी त्या मला बघून निघून जात. आता मला खाली ठेवतात आणि मान वर करून ढोलीकडे बघतात.

आजही मी रिकामीच आहे. बाई शिडी आणायला गेल्या आहेत.