डोक्यावरची करवंटी

मी भिकूबाबांचा ट्रॅक्टर बोलतोय. आवाज जरा मोठा वाटेल, पण सात वर्षं तोंड बंद होतं माझं. साठलेलं बाहेर पडायला आवाज लागतोच.

जन्म माझा घाटावरचा. ऊस ओढून कंबर मोडल्यावर तिकडच्या मालकानं मला विकलं आणि भिकूबाबा मला रत्नागिरीकडे घेऊन निघाले. आंबा घाट उतरताना माझे ब्रेक गेले. समोरून भरलेला ट्रक! मी नुसते दिवे वटारले, तर तो ट्रक उलटा चालत साखरप्यापर्यंत गेला. खोटं वाटत असेल तर ट्रकवाल्याला विचारा. त्याचं नाव तेवढं आठवत नाही.

इथं आलो आणि खचलो. भातखाचरांचे दळे एवढे चिमुकले, की पुढची चाकं एका दळ्यात आणि मागची शेजाऱ्याच्या. "भिकू, त्याला आधी धुवून आटवून आण!" म्हणून वाडी हसली. पण ओढ्याकाठचा खालचा मळा सलग होता. तो मी असा नांगरायचो, की बेडूकसुद्धा नांगराच्या तासात रांगेनं बसायचे.

काम संपलं की भिकूबाबा माझ्या सायलेन्सरवर एक करवंटी पालथी घालत. स्वतः घासून घासून आरशासारखी केलेली. "झोप आता," म्हणत.

एका दसऱ्याला त्यांनी मला पूजेसाठी सहाणेसमोर नेलं. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसते तो चौथरा. हार घातला, नारळ फोडला, आणि तिथंच त्यांच्या छातीत कळ आली. ते गेले. मी गळ्यात हार घेऊन वाटेवर तसाच उभा राहिलो. मला हलवायचं धैर्य कुणाला झालं नाही. पालखी दरवर्षी कडेच्या पाणंदीनं वळसा घालून सहाणेवर येऊ लागली.

सात वर्षं! सीटखाली कोंबड्यांनी अंडी घातली. एकदा बिबट्या येऊन सीटवर बसला, स्टिअरिंग हुंगलं, आणि लायसन नाही म्हणून उतरून गेला. पण एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती: डोक्यावरची करवंटी नाहीशी झाली होती. पावसाळ्यामागून पावसाळा सायलेन्सरमधून पोटात उतरला. तिन्ही पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटले.

यंदा पाणंदीत कुणीतरी चिऱ्याची भिंत घातली. वळसा संपला. मानकरी धोंडूतात्या भिकूबाबांच्या घरी आले.

"रेणुका, शिमग्याआधी हा चालू होऊन हलला पायजे, चढावर ढकलून नेणं माणसांचं काम नाय. नायतर कटरवाला येऊन तुकडे करून नेईल. देवाची वाट अडवून चालायची नाय."

रेणुका म्हणजे भिकूबाबांची सून. नवरा विनीत मुंबईत कंपनीत. ही सासूबरोबर, आनंदीबाईंबरोबर, गावी. मळा पुन्हा उभा करायचा, हे तिनं मनाशी धरलेलं. वाडीत बैल उरले नव्हते, आणि मळ्यात उतरायला भाड्याचा ट्रॅक्टर तयार नव्हता.

विनीत फोनवर म्हणाला, "कापू दे ना! किती दिवस त्या लोखंडाला कवटाळणार?"

"चालू झाला तर मी इथंच राहणार नि मळा करणार," रेणुका म्हणाली. "नाय झाला, तर दाराला कुलूप लावून आईंना घेऊन येते मुंबईला. मग बोलू नको, जागा नाय म्हणून."



मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या लवूला तिनं बोलावलं. खाऱ्या पाण्यात बुडालेली इंजिनं उठवणारा माणूस. त्यानं माझ्या पोटात डोकावून विचारलं, "वयनी, सायलेन्सरला झाकण नव्हतं काय?"

सहाणेसमोरच घर; ओसरीवर आनंदीबाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

लवूनं डिझेल फवारणारे नोझल काढले आणि त्या भोकांतून डिझेल-ऑइलचं मिश्रण ओतायला शिकवलं. पुढच्या पुलीवर आनंदीबाईंच्या करंड्यातलं कुंकू घेऊन एक रेघ ओढली. "रोज तेल, रोज लांब पान्यानं हिसका. रेघ हलली म्हणजे पिस्टन सुटले; मग मला फोन करा. आणि दणके घालू नका, आतलं काय मोडलं तर मी पण नाय नि देव पण नाय."

एकवीस दिवस रेणुका आली. चुलीवर भात ठेवून यायची, पान्याला लोंबकळायची. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर चिंधी बांधून आली. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "भिकूच्या सुनेनं नवस बोललाय वाटतं." रेघ जिथल्या तिथं. मी आतून जोर लावत होतो हो, शप्पथ! पण गंजापुढं माझ्या बढाया चालेनात.

शिमगा दुसऱ्या दिवसावर आला. कटरवाल्याला निरोप गेला होता. पालखीचे भोई सहाण साफ करायला जमले. लवू स्वतःहून आला होता; त्यानं टायरांत हवा भरली, चाकांबरोबर इंजिन फिरावं म्हणून मला टॉपच्या गिअरमध्ये टाकलं. दहाजणांनी पुढं ढकललं. मी ढिम्म. पुन्हा ढकललं. ढिम्म.

रेणुका चौथऱ्यावर बसली. समोर दोन भोई ढोलावर हात बसवत होते, नि बाकीचे सवयीनं पुढं-मागं झुलत होते. ती एकदम उठली.

"ढकलू नका. नाचवा!"

"काय?" धोंडूतात्या दचकले. "देवाचे खांदे यंत्राला?"

"वाट कुणाची मोकळी करायचीय, तात्या?"

तात्यांनी मिशी चावली. मग ढोलवाल्याला म्हणाले, "वाजव रे. पण हळू."

ढोल लागला. पुढं वीतभर, मागं वीतभर. पुढं, मागं. पालखी नाचवणारे खांदे ते. ताल सुटेना, दम संपेना. माझ्या पोटात काहीतरी कुरकुरलं. लवू पुलीजवळ पालथा पडलेला. तो किंचाळला, "रेघ हलली! वयनी, भाताच्या दाण्याएवढी हलली!"

पुढं, मागं. दाण्याची बोटभर झाली, बोटाची वीतभर. आणि नोझलच्या भोकांतून सात वर्षांचं काळं पाणी उसळलं, ते थेट धोंडूतात्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"मेल्या भिक्या," तात्या सदरा झटकत म्हणाले, "गेलास तरी खोड्या काढतोस!"

लवूनं नोझल बसवले, डिझेलच्या नळीतली हवा काढली, टेंपोची बॅटरी जोडली. तेवढ्यात आनंदीबाई आल्या. हातात करवंटीची डवली, म्हणजे भात वाढायचा पळा. पाण्यासारखी चमकणारी.

"ही त्यांची," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून घालतात ट्रॅक्टरवर. ते गेल्यावर काढून आणली, दांडी बसवली. त्यांच्या हातची म्हणून. रोज हिनंच भात वाढला गो… पाणी आत जाईल हे मला कुठं ठाऊक?"

रेणुकानं सासूचा हात धरला. "आई, दांडी काढून द्या. भोकं फणसाच्या चिकानं बुजवू."

मग तिनं चावी फिरवली. मी खोकलो, शिंकलो, आणि बोललो! दोन्ही डोंगरांनी ओ दिली. हर्णेचे मासे दचकून जाळ्यात शिरले म्हणतात. तेवढं मी बघितलेलं नाही.

रेणुकानं विनीतला फोन लावला आणि काही न बोलता माझ्यापुढं धरला.

"हॅलो? कोण बोलतंय?" तो ओरडला.

मी बोलतच होतो. थोड्या वेळानं पलीकडून हुंदका आला. "बाबांचा ट्रॅक्टर," तो म्हणाला.

मी स्वतःच्या चाकांनी सहाणेसमोरून मागं सरलो. दुसऱ्या दिवशी पालखी जुन्या वाटेनं आली.

आता मळ्याची उभी-आडवी नांगरट झालीय. विनीत अजून मुंबईतच आहे, पण दर रविवारी फोन करून आधी माझी तब्येत विचारतो. संध्याकाळी आनंदीबाई स्वतः येतात, चिकानं बुजवलेली करवंटी माझ्या डोक्यावर पालथी घालतात. त्या झोप म्हणत नाहीत. म्हणतात, "उद्या ये रे."

कधी आमच्या वाडीत आलात, तर मी दिसेनच. पण माझी टोपी तेवढी कुणी कौतुकानं घरी नेऊ नका.