मंजुरीचं बटण

सुरभीनं काल फाटकापाशी वीस बायांसमोर माझी चूक आपल्या अंगावर घेतली. मला विचारलंही नाही. सुनेनं सासूला असं झाकावं, ही कुठली रीत? लोक म्हणतात, गुणाची सून. माझ्या घशाखाली कालपासून तिच्या हातचा चहा उतरत नाही.

महागावच्या रस्त्यावर आमचं कापसाचं जिनिंग आहे. यंदा सुरभीनं हजेरी, सुट्टी सगळं मोबाईलवर आणलं. माणसांचं झाड केलं, कोणाच्या हाताखाली कोण. सुट्टीचा अर्ज टाकला की तो वरच्या माणसाकडं जातो. कापसातला कचरा वेचणाऱ्या तांड्यावरच्या बाया तिनं त्यांच्या मुकादमीण हंसाबाईखाली टाकल्या.

"अन् मी कुठं?"

"आई, तुम्ही मालकीण. तुमचं नाव सगळ्यायच्या वर आहे."

"भिंतीवरच्या फोटोसारखं? ह्या बाया तीस वर्षांपासून मले सांगून सुट्टीवर जातात. सरळ माझ्या हाताखाली टाक."

टाकल्या. मग म्हणे, मंजुरीच्या गटातही या. "झाडावरून अर्ज तुमच्याकडं येईन, पण मंजुरीचं बटण गटातल्यायलेच दिसते. दोन्ही लागते, आई." गटात कोण? वजनाचा काटेवाला, फिटर अन् हंसाबाई. त्यांच्यासोबत दोन दिवस सतरंजीवर बसून शिकायचं.

"माझ्याच नोकरायच्या रांगेत बसवते मले?" मी कडाडले. ती बिचारी म्हणाली, मग अर्ज आला की मला सांगत जा, मी मंजूर करीन. मी हो म्हटलं. खरी गोष्ट ही, की मी चौथीत शाळा सोडली अन् हंसाबाई मोबाईल भराभर वाचते. तिच्यासमोर मला अक्षर लावत बसायचं नव्हतं.

सोमवारी त्या बायांतल्या जमनीचा अर्ज आला. पोरीचं बाळंतपण, तीन दिवस. बटण कुठंच नाही. मी फोन पालथा ठेवला. संध्याकाळी जमनी घरी आली.

"मोठीबाई, सुट्टी दिसली का?"

"दिसली. मंजूर केली. जा बिनघोर."

सुरभीला सांगायचं म्हणजे तिचंच खरं झालं असतं. नाही सांगितलं. तीन दिवस न सांगता घरी राहिली की बाईचं नाव सीझनभरासाठी कटते. तो नियम माझाच.

काल माझ्यासमोरच जमनीनं फाटकावरच्या हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावला. लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल. वॉचमन म्हणाला, "तुझं नाव नाही." ती म्हणाली, "काहून नाही? मोठीबाईनं सोता सांगितलं मले!" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कापसाच्या गाडीकडं पाहिलं.

तेवढ्यात सुरभी धावत आली. "माझ्याच हातून राह्यलं, जमनीबाई. आईनं मंजुरी देलती."

"शिकलेल्यायचे असेच कामं!" हंसाबाई म्हणाली, अन् बाया हसल्या. जमनीनं नातीच्या जन्माचा पेढा माझ्या हातावर ठेवला. सुरभीला दिला नाही. मी तो घेतला.

रात्री सुरभी म्हणाली, कटलेलं नाव परत चढवायला वरच्या माणसाला कारण लिहावं लागते. जमनीच्या वर मीच. "आई, नेट नव्हतं असं लिहून टाकू का? तुम्ही फक्त होकार द्या."

मी उठून आतल्या खोलीत गेले.

आज सकाळी जमनी फाटकाबाहेरच उभी होती, डब्बा छातीशी धरून. बाया आत जाताना तिच्याकडं पाहत नव्हत्या. मी हंसाबाईसकट सगळ्यांना थांबवलं अन् सुरभीला मोबाईल घेऊन बोलावलं.

"सुरभी, तू काल खोटं बोलली अन् माझ्यापायी बोलणे खाल्ले. पुन्हा असं केलं तर याद राख. कारण लिही: सासूले बटण नव्हतं, शिकाची लाज वाटली, म्हणून तिनं जमनीले खोटं सांगितलं. मोठ्यानं वाच. मंग जमनीले आत घे, अन् ह्या बाया हंसाबाईच्या खाली टाक. सूनबाई, तू खरी होती. मी त्या जागेच्या लायक नाही."