तणसावरची द्राक्षं

सातव्या दिवशी द्राक्षाच्या देठाजवळ पहिली सुरकुती आली. केसाएवढी बारीक, देठापासून निघून मण्याच्या पोटापर्यंत गेलेली. करुणाने ती भिंगातून पाहिली, खुणेचा दोरा बांधलेला घड तराजूवर ठेवला आणि वहीत लिहिलं : दोनशे बारा ग्रॅम. पहिल्या दिवशी हाच घड दोनशे साठ भरला होता.

ही दुसरी खेप होती. पहिलीवर नवव्या दिवशी बुरशी आली होती. पवनीच्या बाजारातून आणलेले पाच किलो घड तिने मागच्या खोलीत तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, जाड थरावर पसरले होते. खोली कोरडी होती, तापमान ती रोज लिहीत होती, तरी खालच्या बाजूने राखाडी केस फुटले. करुणा सूक्ष्मजीवशास्त्राची एमएस्सी. पवनीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. बुरशीचं नाव तिने लगेच सांगितलं असतं, पण ती का आली हे तिला सांगता येईना.

ते तिच्या आईने, तुळसाने, दारातूनच सांगितलं.

"हे हार्वेस्टरचं तणीस कायले घेतलं? मशीन त्याचा चुरा करते. चुरा दबते, मंग हवा कुठून जाईन? हातानं कापलेलं लांब तणीस घे. खाटेवर टाक, एक थर उभा, एक आडवा. खालून वारा लागला पाहिजे."

मग तिने विचारलं, "मनुका करून राहिली का?"

"हो," करुणा म्हणाली.

हे खोटं होतं. फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत ज्युरा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या एका संस्थेने वर्षभराच्या अभ्यासासाठी तिला निवडलं होतं. अट एकच : तिथल्या जुन्या रीतीने, तणसावर, आपल्या भागात मिळतील ती द्राक्षं वाळवायची, रोजची नोंद ठेवायची आणि रसातली साखर निदान बत्तीस टक्क्यांवर न्यायची. नोंद आणि होकार दोन्ही महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत पोचायला हवे होते.

गेल्या साली असंच पत्र आलं होतं. तिने मुदत जाऊ दिली. घरात कोणाला कळलंही नाही.

कारण अभ्यास वाईनचा होता आणि आई तुळसा होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी, जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्या साली तुळसाने आपल्या कोंढा गावच्या बायांना घेऊन नाल्याकाठच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या होत्या. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, मद्यापासून दूर राहण्याच्या त्या ओळीला, तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा.

तेविसाव्या दिवशी, मुदतीआधीच्या बुधवारी, करुणाने द्राक्षांची खाट अंगणात आणली. शेजारच्या ललिताबाई तुळसाजवळ वाल सोलत बसल्या होत्या. करुणाने एक मणी चिरडला, रसाचा थेंब साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला आणि नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. काच पुसून दुसरा थेंब घेतला. मग तिसरा.

सदतीस. तिन्ही वेळा सदतीस.

"आई, सदतीस!" ती इतक्या जोरात ओरडली की ललिताबाईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं.

"मनुकेले ताप आला का व?" ललिताबाई म्हणाल्या. "इतकं मोजूनमापून कोणी मनुका करते? खरं सांग, हे काय होय?"

तुळसाचे हात थांबले. "सांग. मी बी कधीची पाहून राहिली. मनुका करणारी पोरगी अशी वही लपवत नाही."

आकडा अजून करुणाच्या डोळ्यांपुढे होता. तिने सांगायला सुरुवात केली.

ज्युरात द्राक्षं तणसावर वाळवून गोड, दाट वाईन करतात, तिचं नावच तणसाची वाईन. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या वेलींच्या मुळांना कीड लागली. बहुतेक द्राक्षमळे गेले. जे थोडे लोक उरले, त्यांनी या जुन्या रीती सोडल्या नाहीत. तांबडी वाईन तिथे इतकी फिकट असते की पेल्यातून पलीकडचं दिसतं. आणि पिवळी वाईन लाकडी पिंपात सहा वर्षं तीन महिने ठेवतात. मधे कमी झाली तरी वरून भर घालत नाहीत.

"मंग वर बुरसा नाही येत?" ललिताबाईंनी विचारलं.

"येते ना! खमिराचा पापुद्रा येते, सायीसारखा. तोच तिले राखते. खालच्या वाईनले हवा लागू देत नाही. लिटरातलं सहाशे वीस मिलीच उरते, म्हणून त्याईची बाटलीच तेवढी असते. मले तो पापुद्रा शिकायचा आहे, काकू. त्यात कोणते जीव जगतेत, कसे जगतेत, ते."

"बापा! आम्ही तं बुरसा दिसला का फेकून देतो," ललिताबाई म्हणाल्या. "तुळसाबाई, तू भट्ट्या फोडल्या, अन् पोरगी पिंपं भरून राहिली! गाव हासीन ना!"

"हासू दे. गाव तवाबी हासलं होतं," तुळसा म्हणाली. ती करुणाकडे वळली. "दारू पेशीन का तू?"

"चव घेऊन थुकतेत, आई. शिकणारे सगळेच थुकतेत."

"सहा वर्षं राखलेली वस्तू थुकतेत?" ललिताबाईंना हसू आवरेना. तुळसा हसली नाही. तिने उठून एक सुकलेला घड उचलला, खालून पाहिला, वरून पाहिला. एकाही मण्यावर डाग नव्हता.

"हे माह्या तणसानं झालं," ती म्हणाली.

"तुह्याच. वहीतबी तसंच लिहिलं आहे. तणीस कोणतं, थर कसे, कोणी सांगितलं. तुळसा चिंधू रामटेके, कोंढा. ते तिकडं जाईन."

तुळसाने घड परत खाटेवर ठेवला, आडव्या काड्यांवर, हलक्या हाताने. "भट्ट्या फोडल्या तं दारूपायी बायांची हाडं मोडून राहिली होती म्हणून. विद्येच्या आड कधी नाही आली मी. माह्या घरात दारूचा थेंब येनार नाही, हे आजबी तसंच आहे. पण माह्यासंग खोटं बोलली तू, थे जास्त लागलं."

"गेल्या सालीबी पत्र आलं होतं," करुणा म्हणाली. "तुह्या भेवानं मी जबाबच नाही दिला."

तुळसाने द्राक्षांनी चिकट झालेले हात पदराला पुसले. "म्हंजे एक साल माह्या नावानं वाया घातलं! अन् मले इचारलंबी नाही! आता या सालचं बोल. मले इचारू नको, तुहं सांग. जाशीन का नाही?"

अंगणात ऊन चांगलं तापलं होतं. खाटेवरच्या द्राक्षांचा गोड वास दारापर्यंत आला होता. करुणाने वही मिटली आणि विहारात तुळसा लावायची तसा, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"जाईन, आई. सप्टेंबरात मी फ्रान्सले जाऊन राहिली."