पुनमचा अंगठा

रुद्र रडायचा थांबला आणि पुनमच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकरू गप झालं की दुसरी आई देवाचे आभार मानते. ही बया परातीतल्या भाकरीवर राग काढत होती. कारण रुद्र गप झाला होता तो ओसरीवर, प्रियंकाच्या मांडीवर. प्रियंका तिची मोठी जाऊ. तिची पोरगी निलम शाळेत जायला लागल्यापासून मांडी रिकामी पडलेली, आणि ती भरायला बाईला पुनमचंच लेकरू सापडलं होतं.

पहिलं बाळंतपण म्हणून पुनम माहेरी साखऱ्याला गेली होती. तिकडे लेकरू तिचं एकटीचं होतं. डोंगरकड्याला सासरी परत आली ती हाताचं दुखणं घेऊनच. उजव्या अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत ठणका. रुद्रच्या काखेत हात घालून त्याला उचलायला जावं तर तापलेली सुई खुपसल्यासारखी कळ यायची. ती दचकायची, तिच्याबरोबर लेकरू दचकायचं आणि भोकाड पसरायचं. की लगेच प्रियंका हजर. "आण इकडं." शब्द दोनच, पण ऐकताना पुनमला वाटायचं, पोराचा सातबारा जावेच्या नावावर चढला.

सासूबाईंच्या, म्हणजे मनकर्णाबाईंच्या मते ही साधी लचक होती आणि तिचं औषध घरातच होतं. प्रियंका पायाळू, जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की लचक पळते, उसण पळते, असं सगळं गाव मानायचं. पाठ धरून आलेले भलेभले बाप्ये तिच्यापुढे पालथे पडायचे.

"बस खाली, हात ठेव भुईवर," मनकर्णाबाई म्हणाल्या. "प्रियंका, लाव पाय."

"ऱ्हाऊ द्या आत्याबाई. गोळी घेते मी."

"काहून? काटे हायत का तिच्या पायाला?"

झालं. जावेच्या पायाखाली हात ठेवावा लागला. प्रियंकाने टाच हलकेच टेकवली, आणि तेव्हासुद्धा रुद्र तिच्याच कडेवर बसून तिच्या मंगळसूत्राचे मणी चोखत होता. पुनमला टाचेपेक्षा ते मणी जास्त लागले. कळ काही गेली नाही. गेली असती तरी तिने कबूल केलं नसतं.

शेवटी नवऱ्याने, भागवतने, तिला मोटारसायकलवर कळमनुरीला नेलं. तिला दवाखान्यात बसवून तो फवारणीचं औषध आणायला गेला. डॉक्टरीणबाईंनी पुनमला अंगठा मुठीत धरायला लावला आणि मूठ करंगळीच्या अंगाला वाकवली. पुनम ओरडलीच.

"नव्या आयांना हे फार होतं," बाई म्हणाल्या. "अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या असतात आत, त्या मनगटापाशी सुजल्यात. बाळाला काखेत धरून, अंगठे ताणून उचलता ना? दिवसभर तेच तेच, म्हणून."

मग त्यांनी टेबलावरची चादर गुंडाळून दाखवलं. एक तळवा ढुंगणाखाली, एक मानेखाली, अंगठा बोटांना चिकटलेला, मनगट सरळ, आणि जोर कोपरापासून. पाजताना मांडीवर उशी घ्यायची, म्हणजे बाळाचं डोकं मनगटावर पेलावं लागत नाही. अंगठासुद्धा आत बसेल असा एक पट्टा त्यांनी दिला. "काही आठवडे हा वापरायचा. बर्फाने शेकायचं. आणि हाताला आराम हवा. घरात कुणी आहे ना बाळाला उचलायला?"

"न्हाई," पुनम म्हणाली. "कोणीच न्हाई."

"मग नवऱ्याला सांगा. असंच चालू ठेवलंत तर इंजेक्शन द्यावं लागेल, एखादीला छोटं ऑपरेशनही लागतं."

बाहेर भागवतने विचारलं, "काय म्हणल्या?"

"कॅल्शियम कमी हाय म्हणं."

पट्टा ट्रंकेत, साड्यांच्या खाली गेला. तो हातावर चढवला असता तर हिला स्वतःचं लेकरू उचलता येत नाही हे गावभर झालं असतं, आणि प्रियंकाला राजरोस परवानाच मिळाला असता. उलट पुनम आता जिद्दीलाच पेटली. रुद्र नुसता कुसमुसला तरी प्रियंकाच्या आधी झडप घालायची, दात आवळायचे आणि उचलायचं. बाईच्या हट्टापुढे डॉक्टर काय करणार?

एके सकाळी मनकर्णाबाई न्हाणीत पाय पसरून बसल्या होत्या आणि नडग्यांवर रुद्र. तेल चोळून झालं, पाणी घालून झालं. प्रियंका नेहमीप्रमाणे कोरडं धडपं पसरून शेजारी वाकली.

"सरका," पुनम म्हणाली. "मी घेते."

तिने त्याला काखेत धरून वर घेतलं. तेला-पाण्याने अंग बुळबुळीत, त्यात गडी पाय झाडत होता. अंगठ्यातली कळ थेट कोपरापर्यंत चढली आणि बोटं आपोआप उघडली. रुद्र निसटला. खाली शहाबादी फरशी होती. प्रियंकाने धडप्यासकट दोन्ही तळवे खाली घातले आणि तो त्यात येऊन पडला.

"जीव घेतीस का गं लेकराचा!" मनकर्णाबाई ओरडल्या.

पुनम खोलीत पळाली. फरशीवर पडला असता तर, एवढंच डोक्यात घुमत होतं. तेवढ्यात प्रियंका रुद्रला धडप्यात गुंडाळून दारात आली, आणि तिच्या खांद्यावर गप पडलेला पोरगा पाहून पुनमची भीतीसुद्धा रागात बदलली.

"घेऊन टाका त्याला कायमचं. तेच पायजे ना तुमाला, अक्का?"

"व्हय," प्रियंका म्हणाली. "पायजे."

पुनमला वाटलं होतं ती नाही म्हणेल.

प्रियंकाने उजवा हात पुढे केला. अंगठा उघडायला गेली, तो अर्ध्यात अडकला. "निलमच्या टायमाला मला हेच झालं होतं. कोणी दवाखान्यात नेलं न्हाई. मीच माझा पाय लावून घेतला, आता हस. लई तकलीफ झाली. उचललं की डोळ्यातून पाणी यायचं, म्हणून उचलायचंच टाळायची. पाळण्यात रडू द्यायची तिला. अंगठा असा ऱ्हायला, म्हणून तर लेकरू तळव्यावर घेते मी. निलम आजबी माझ्यापाशी झोपत न्हाई, आजीपाशी झोपते."

तिने रुद्रला खांद्यावर नीट सावरलं. "तुला भाऊजींनी गाडीवर बसवून नेलं, त्या दिशी मी इतकी जळले की जेवण गेलं न्हाई. तुझ्या हातासाठी घेत न्हाई मी ह्याला. मला एकदा लेकरू बिनदुखता मांडीवर घ्यायचं होतं."

पुनमला वाईट वाटलं, आणि जळफळाटही उरलाच. दोन्ही एकाच छातीत मावत होतं. ती उठली, ट्रंक उघडली आणि साड्यांखालचा पट्टा काढून जावेसमोर धरला. "कॅल्शियमचं खोटं होतं. हे दिलंय. म्या ठेवून दिलं."

प्रियंकाने रुद्रला गादीवर ठेवलं आणि त्या अडकलेल्या अंगठ्यानेच पट्ट्याचे बंद आवळले. रुद्रने हात वर करून रडायला सुरुवात केली. पुनमचे हात सवयीने पुढे गेले आणि तिने ते मागे घेतले. तेवढं करायला तिला बाळंतपणाएवढा जोर लागला.

"घ्या त्याला, अक्का."

प्रियंकाने तळव्यांवर घेतलं. रुद्र गप. पुनमच्या पोटात नेहमीसारखाच भडका उडाला. तो गिळून तिने उशी मांडीवर ओढली. "आता इकडं द्या. भुकेजला असंल."

उशीवर डोकं टेकताच रुद्र दुधाला लागला. मनगटावर त्याचा भार नव्हता. तो डोळे मिटून चुटूचुटू ओढत होता, एका हाताने आईचा पदर घट्ट धरून. पुनमने मान वर केली. प्रियंका एकटक पाहत होती. ती नजर पुनमने पुरती ओळखली. मग प्रियंकाने रिकामं धडपं उचललं आणि ती दाराकडे वळली.

"बसा ना," पुनम म्हणाली. "त्याचं पिऊन झाल्यावर उचलणार कोण?"