विचार करून सांगतो

मी क्वालिटी इंजिनिअर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी भरलेल्या फॉर्ममधल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. अमेरिकेतल्या नोव्हाय गावी ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत वीस वर्षं मी हेच करतोय आणि माझ्या नजरेतून खोडरबराची खूणही सुटत नाही, अशी माझी ख्याती आहे. अशा माणसाच्या हातून २००६ साली एक आख्खी निवडणूक घसरायची वेळ आली, तीही फॉर्म चुकीचे भरल्यामुळे. माझी बायको प्रतिमा हा किस्सा चारचौघांत फार रंगवून सांगते. तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

त्या वर्षी मार्चमध्ये मी अमेरिकेचा नागरिक झालो. नवा मुसलमान जरा जास्तच नमाज पढतो असं म्हणायची सोय नाही, कारण मला राजकारणात काडीचा रस नव्हता. मला ओढलं नैनाने. नैना म्हणजे माझा मित्र पुरुषोत्तम याची मुलगी, इथेच जन्मलेली, तेवीस वर्षांची. चांगली नोकरी सोडून ती एका उमेदवाराच्या प्रचारात पूर्णवेळ लागली होती. उमेदवार होत्या मिसेस ऑल्सन, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि निवडणूक होती काँग्रेसची. काँग्रेस म्हणजे इथली संसद. पुण्यातल्या माझ्या भावाला हे समजावता समजावता दोन फोनकार्डं संपली.

मिसेस ऑल्सन डेमोक्रॅट. आमचा भाग तसा वर्षानुवर्षं रिपब्लिकनांचा, पण त्या वर्षी लोक युद्धाला आणि कारखाने बंद पडण्याला कंटाळले होते. नैनाचं म्हणणं, आपल्या पक्षाचे लोक मत देणारच, समोरच्या पक्षाचे कट्टर लोक देणार नाहीतच. निवडणूक जिंकायची ती मधल्यांच्या जोरावर. जे कधी इकडे, कधी तिकडे. किंवा जे आयुष्यभर तिकडे, पण या वेळी थोडे खट्टू आहेत.

"काका, फाइंड मी द थ्रीज," ती म्हणाली. "बाकी सगळं आम्ही करतो."

पद्धत सोपी होती. यादी घ्यायची, दार वाजवायचं, दोन मिनिटं बोलायचं, पत्रक द्यायचं, आणि बाहेर आल्यावर नावापुढे आकडा लिहायचा. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का त्यांचा, तीन म्हणजे अजून ठरलेलं नाही. तीनवाल्यांकडे प्रचाराची माणसं पुन्हा जाणार, पत्रं धाडणार, जमलं तर मिसेस ऑल्सन स्वतः जाणार. पाचवाल्यांच्या दारी परत कुणी फिरकणार नाही.

मी तीन शनिवार-रविवार हिंडलो. पायात बर्फाचे बूट, हातात क्लिपबोर्ड, एकेक घर तपासून, एकही रकाना रिकामा न ठेवता. माझं अक्षर पाहून ऑफिसातल्या गोऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन प्रतिमाला ते दोनदा सांगितलं.

निवडणुकीला चौदा दिवस उरले असताना नैनाचा फोन आला. आवाज पडलेला.

"काका, जरा ऑफिसला येता का? आपला एरिया कट करतायत."

एका बंद पडलेल्या पिझ्झाच्या दुकानात त्यांचं ऑफिस होतं. नैना माझेच कागद पुढ्यात घेऊन बसली होती. तिच्या वरिष्ठांनी आकडे पाहिले होते. या भागात मधले लोकच नाहीत, म्हणून उरलेले कार्यकर्ते आणि मिसेस ऑल्सनचा वेळ दुसऱ्या गावांना द्यायचा, असं ठरत होतं. शुक्रवारपर्यंत काही वेगळं दाखवता आलं तर दाखव, असं तिला सांगितलं होतं. तिने या भागासाठी भांडून काम मागून घेतलं होतं. बापाशी भांडली होती ते वेगळंच.

"तुमच्या शीट्सवर एकपण थ्री नाहीये," ती म्हणाली. "आय मीन, हाऊ? इतकी घरं केली तुम्ही."

"अगं, लोक ठाम आहेत इथले," मी म्हणालो. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझा पारा चढतो. "हा बघ, हा म्हातारा. वॉल्टर क्लाइन. सरळ नाही म्हणाला."

"नो म्हणाले? एक्झॅक्टली काय म्हणाले?"

"म्हणाला, मी विचार करतो. आय विल थिंक अबाउट इट."

नैनाने त्याच्या नावापुढच्या पाचावर बोट ठेवलं.

"काका, दॅट्स अ थ्री."

"काहीतरीच काय! दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही कोण म्हणतं? विचार करतो म्हणायचं, बघू म्हणायचं, आणि दार लावायचं. ज्याला समजायचं त्याला समजतं. आपल्याकडे मुलगी बघून गेलेले लोक काय सांगतात? विचार करून कळवतो. कधी कळवलंय कुणी?"

बोलता बोलता माझाच आवाज खाली आला. नैनाने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि डोळ्यांत पाणीही होतं.

"ओ गॉड. मैत्रिणीकडे रात्री स्लीपओव्हरला राहू का विचारलं की बाबा प्रत्येक वेळी 'बघू' म्हणायचे. मला टेन इयर्स लागली कळायला." मग तिने डोळे पुसले. "हे लोक तसे नाहीत, काका. त्यांना नो म्हणायचं असेल तर ते नो म्हणतात. किती घरं आहेत अशी?"

मी मोजली. एकसष्ट. एकसष्ट माणसांनी मला विचार करतो म्हणून सांगितलं होतं, आणि मी एकसष्टांच्या नावापुढे शांतपणे पाच लिहिलं होतं. कारखान्यात कुणी हे केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. ती पोर मात्र एक शब्द लागट बोलली नाही. तिने नवे कोरे फॉर्म माझ्यापुढे सरकवले आणि विचारलं, चहा घेणार का. त्या चहाबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे.

मी बुधवार ते शुक्रवार रजा टाकली. प्रतिमा म्हणाली, "तू एकटा जाऊ नकोस. तू पुन्हा लोकांच्या मनातलं ओळखत बसशील." म्हणून ती गाडी चालवायला आली. थंडी बोचरी होती, वाटेत सगळीकडे ओल्या पानांचा चिखल. प्रत्येक दारी मी एकच वाक्य बोलायचो: तुम्ही विचार करतो म्हणाला होतात, म्हणून विचारायला आलो.

आणि लोकांनी खरोखर विचार केला होता! याचं मला इतकं नवल वाटत होतं की मी दर घरानंतर गाडीत येऊन प्रतिमाला सांगायचो. एका बाईने विचार करून नाही ठरवलं होतं, तसं तिने स्वच्छ सांगितलं आणि येण्याबद्दल आभार मानले. एक नर्स हो म्हणाली. एका जोडप्यातला नवरा तीन आणि बायको दोन, म्हणजे आपल्याकडे कललेली निघाली, आणि ती दोघं दारातच वाद घालायला लागली. मी जे दिसेल ते लिहीत गेलो, माझी अक्कल खिशात ठेवून.

वॉल्टर क्लाइनचं घर शुक्रवारी दुपारी आलं. ऐंशीच्या घरातला, एकटा राहणारा, चाळीस वर्षं कारखान्यात साचे बनवलेला माणूस. दार उघडून त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"गेल्या आठवड्यात येशील वाटलं होतं," तो म्हणाला. "मी तुला विचार करतो म्हणून सांगितलं होतं."

त्याने आत बोलावलं. फ्रिजवर चुंबकाने माझं पत्रक लावलेलं. त्यातल्या ओळींखाली पेन्सिलने रेघा, तीही पट्टी लावून मारलेल्या. शेजारी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर तीन प्रश्न लिहिलेले: निवृत्त कामगारांच्या विम्याचं काय, आमच्या पोरांना इराकमधून परत कधी आणणार, आणि माझ्या शिकारीच्या बंदुकीला हात लावणार का. तीन आठवडे तो या प्रश्नांची उत्तरं घेऊन येणाऱ्या माणसाची वाट बघत होता, आणि तो माणूस मी होतो.

मला गलबलून आलं. माझ्या दोन मिनिटांच्या पाठ केलेल्या बोलण्याचा असा मान माझ्या आयुष्यात कुणी ठेवला नव्हता. मी म्हणालो, "मला यातल्या एकाचंही उत्तर माहीत नाही. आणि मी उशिरा आलो, ही माझी चूक. तुम्ही नाही म्हणालात असं मी लिहून टाकलं होतं."

"का? मी तर नाही म्हणालो नव्हतो."

मी त्याला आमची रीत समजावून सांगितली. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तुमच्याकडे खरंच विचार करायचा असेल तर काय म्हणता?"

मी संध्याकाळी नैनापुढे फॉर्म ठेवले. एकसष्टांपैकी चौतीस तीनवाले. तिने तिथूनच वरिष्ठांना फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मिसेस ऑल्सन आमच्या भागात आल्या. वॉल्टरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी त्या वीस मिनिटं बसल्या. दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली. तिसऱ्यावर म्हणाल्या, "इथे तुमचं-माझं जमणार नाही." वॉल्टरने पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "मी विचार करतो."

मी बाहेर येऊन त्याच्या नावापुढे तीन लिहिलं. इतका सुबक तीन मी जन्मात काढला नसेल.

निवडणुकीच्या मंगळवारी मी मतदान केंद्राबाहेर, नियमाप्रमाणे शंभर फुटांवर, फलक घेऊन उभा होतो. सकाळी माझं पहिलं मत देऊन झालं होतं. दहाच्या सुमारास वॉल्टर आला, मला मान लववून आत गेला. बराच वेळ बाहेर येईना. मग आला तो थेट माझ्याकडे.

"चाळीस वर्षं मी मतपत्रिकेवर सगळ्यात वरचा एक गोल भरतो," तो म्हणाला. "एका खुणेत राज्यापासून गावापर्यंतच्या सगळ्या पदांची मतं माझ्या पक्षाला जातात. यंदा प्रत्येक पदाचा गोल वेगळा भरत बसलो. माझ्याच लोकांना दिली सगळी मतं. एक सोडून." त्याने उजव्या हाताची बोटं झटकली. "हात दुखला."



मिसेस ऑल्सन चारशे अकरा मतांनी निवडून आल्या. आमचा भाग आम्ही हरलोच, पण मागच्या वेळी अकराशेंनी हरलो होतो, या वेळी नव्वदांनी. नैना म्हणाली, एकूण फरकात तेच कामाला आलं. पुरुषोत्तमने तिच्यासाठी पेढे आणले, आणि माझ्या हातात पहिला पेढा ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी वॉल्टरकडे आभार मानायला गेलो. निघताना तो म्हणाला, "थँक्सगिव्हिंगला जेवायला या. तू आणि तुझी बायको. मुलगा यंदा येत नाहीये."

आम्ही शाकाहारी. त्याच्या घरी टर्की. त्यात परक्याच्या सणाला जाऊन बसायचा संकोच. माझं तोंड सवयीने उघडलं आणि सवयीचंच बोललं: "विचार करून सांगतो." मनातल्या मनात मी नाही म्हणून मोकळाही झालो होतो.

"बरं," वॉल्टर म्हणाला. त्याने फ्रिजवरचं ते पाकीट काढलं, पेन्सिल घेतली, आणि प्रश्नांच्या खाली सावकाश लिहिलं: दोन ताटं, उत्तर यायचंय. मग ते पाकीट परत चुंबकाखाली लावलं.

मी फाटकापर्यंत गेलो होतो. तिथून परत फिरलो आणि दार वाजवलं.

"विचार झाला," मी म्हणालो. "आम्ही येतो."